भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ : बोट ठीकठाक, बंदरं अफाट

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही पाच जण, म्हणजे मी, नवरा, १३ वर्षांची लेक, ९ वर्षांचा मुलगा आणि ७१ वर्षांच्या सासूबाई (मी त्यांना आईच म्हणते), भूमध्य समुद्रातली सात रात्रींची क्रूझ करून आलो. बार्सिलोनाहून निघायचं, मग मार्से, जेनोवा, रोमसाठी चिविताव्हेकिया, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, एक दिवस नुसता समुद्र आणि परत बार्सिलोना. आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की कशी झाली, किती खर्च, आईंना झेपलं का, व्हेज मिळतं का, म्हणून एकदाच सगळं नीट लिहिते. आधीच सांगून टाकते, बोटीला मी पाचपैकी साडेतीन देईन आणि बंदरांना पाचपैकी पाच, आणि या दोन आकड्यांमध्ये जो फरक आहे ना तोच मला सांगायचाय. क्रूझ घ्या, जरूर घ्या, पण बोटीला फक्त रोज सकाळी नव्या गावात नेऊन सोडणारं हॉटेल समजा, आणि त्या गावात आपले आपण फिरा, आपले आपण खा.

व्हिसाचं आधी. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा हे चारही देश शेंगेनमध्ये आहेत त्यामुळे एकाच व्हिसावर भागतं, फी मोठ्यांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, शिवाय ३०,००० युरोचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतोच. आम्ही बोटीच्या आधी दोन रात्री बार्सिलोनात राहिलो त्यामुळे अर्ज स्पेनकडे केला. एक गोष्ट मात्र बुकिंग करतानाच बघा, काही बोटी मध्येच ट्युनिस किंवा तुर्कस्तानला जातात, ते शेंगेनच्या बाहेर, म्हणजे परत आत यायला मल्टिपल एन्ट्री व्हिसा हवा. आमच्या मार्गात तसं काही नव्हतं.

आता बोट. दोन केबिन घेतल्या, एक बाल्कनीची आणि एक आतली बिनखिडकीची, आणि मुलांना आतली दिली तर ती दोघं काळोखात सकाळी नऊपर्यंत गाढ झोपायची, रोज उठवायला जावं लागायचं. बाल्कनी आईंसाठी घेतली आणि तो खर्च मला एकदाही जड वाटला नाही, कारण पहाटे त्या शाल घेऊन तिथे बसायच्या आणि बंदर हळूहळू जवळ येताना बघायच्या. केबिन स्वच्छ, साफसफाई करणारा माणूस फार अगत्याचा. पण तिकिटाचा आकडा म्हणजे सगळा खर्च नव्हे हे लक्षात ठेवा, आमच्या बोटीवर माणशी रोज १२ युरो सर्व्हिस चार्ज वेगळा लागला, जेवताना पाण्याची बाटलीसुद्धा वेगळी, इंटरनेट तर इतकं महाग की आम्ही घेतलंच नाही, बंदरावर उतरलं की फोन वापरायचा. बफेला सकाळी आठ ते साडेनऊ भयंकर गर्दी, ट्रे हातात घेऊन पाच जणांना जागा शोधायची म्हणजे अर्धा तास गेलाच. आम्ही तिसऱ्या दिवसापासून सात वाजता जायला लागलो मग आरामात खिडकीशी जागा मिळायला लागली.

व्हेजचं असं झालं. आई अंडंही खात नाहीत, बुकिंगच्या वेळी तसं लेखी कळवलं होतं, पण पहिल्या रात्री डायनिंग रूममध्ये ते कोणाला माहीतच नव्हतं आणि त्यांच्यासमोर उकडलेल्या भाज्यांची एक प्लेट आली, मीठसुद्धा नाही. मला खूप वाईट वाटलं. मग हेड वेटरशी शांतपणे बोललो आणि त्यानंतर मात्र तो माणूस रोज रात्री पुढच्या दिवसाचं मेनूकार्ड घेऊन आईंच्या खुर्चीपाशी यायचा, यातलं काय चालेल विचारायचा, आणि दुसऱ्या दिवशी बरोब्बर तेच वेगळं करून आणायचा. पहिल्या रात्रीची चूक कंपनीची, पण ती ज्या माणसाने निस्तरली त्याला माझे पाचपैकी पाच.

बार्सिलोनाबद्दल थोडक्यातच लिहिते कारण त्याबद्दल सगळेच लिहितात. साग्रादा फामिलिया या चर्चचं तिकीट वेळेनुसार ऑनलाइनच काढायचं, आणि सकाळचा पहिला स्लॉट घ्या. आतले खांब झाडांसारखे वर जाऊन फांद्या फुटल्यासारखे पसरतात, पूर्वेकडच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेकडच्या लाल-केशरी, त्यामुळे सकाळी आत सगळा निळा-हिरवा उजेड असतो, खांबांवर, माणसांच्या तोंडावर, सगळीकडे. १८८२ साली काम सुरू झालं, पुढच्या वर्षी गौदी या वास्तुकाराने हातात घेतलं आणि १९२६ मध्ये ट्रामखाली सापडून तो गेला, तिथेच खाली तळघरात त्याची समाधी आहे. आई बराच वेळ बसून होत्या, काही बोलल्या नाहीत, आम्हीही उठा म्हणालो नाही. बोकेरिया मार्केट रविवारी बंद असतं हे माहीत असू द्या, आणि रांब्ला या गर्दीच्या रस्त्यावर पर्स पुढे धरून चाला.

मार्सेला बोट लागते ते टर्मिनल जुन्या बंदरापासून बरंच लांब आहे, चालत जायचा विचारही करू नका, शटल घ्या. जुन्या बंदरावर, व्ह्यू-पोर म्हणतात त्याला, सकाळी मासे विकणाऱ्या बायका बसतात आणि बाजूलाच नॉर्मन फॉस्टर या वास्तुकाराने केलेला एक भलामोठा मांडव आहे, त्याचं छत म्हणजे चकचकीत स्टीलचा आरसा. खाली उभं राहून वर बघितलं की अख्खा बाजार, होड्या, माणसं, आपण, सगळे उलटे वर लटकलेले दिसतात. आई मान वर करून स्वतःकडे बघत हात हलवत होत्या आणि बाजूची एक फ्रेंच आजी पण त्यांच्याकडे बघून वरच्या आरशात हात हलवायला लागली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती पण पाच मिनिटं चाललं होतं ते.

तिथेच पहिल्यांदा पानीस खाल्लं. रुपयाएवढ्या नाही, चांगल्या मोठ्या जाड चकत्या, तळलेल्या, बाहेरून खुसखुशीत आणि आत मऊ, वर फक्त मीठ. आईंनी एक तुकडा तोंडात टाकला, थांबल्या, आणि म्हणाल्या, "अगं, हे डाळीच्या पिठाचं आहे." मला वाटलं बटाटा असेल. त्या म्हणाल्या, "मी पन्नास वर्षं पाटवड्या थापतेय, मला कळणार नाही का?" त्या दिवशी नीट विचारता आलं नाही कारण मागे रांग होती. नोत्र दाम द ला गार्द या टेकडीवरच्या चर्चला मिनी ट्रेनने गेलो, वरून पूर्ण शहर आणि बेटं दिसतात आणि आत छताला टांगलेली छोटी छोटी लाकडी जहाजं आहेत, समुद्रातून सुखरूप परत आलेल्यांनी नवस फेडून वाहिलेली. मुलगा ती जहाजंच मोजत राहिला.

आणि जेनोवा. या सबंध सहलीतलं माझं सगळ्यात लाडकं गाव, आणि गंमत म्हणजे आधी आम्ही तिथे बोटीवरच थांबणार होतो, कारण कोणी कधी जेनोवाला जा असं सांगितलंच नव्हतं. बोट अगदी शहरातच लागते, उतरलं की रस्त्यापलीकडे प्रिन्चिपे रेल्वे स्टेशन. कुठली बस नको, टॅक्सी नको, एक्सकर्शन, म्हणजे बोटीने काढलेली सहल, नको. मुलांना आधी मत्स्यालय दाखवलं, ते १९९२ ला कोलंबसच्या सफरीला ५०० वर्षं झाली तेव्हा उभारलं, वास्तुकार रेन्झो पियानोचं डिझाइन, तीनेक तास काढून ठेवा. मग कारुज्जी, म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्या, इतक्या अरुंद की दोन्ही हात पसरले की दोन्हीकडच्या भिंती लागतात आणि आभाळाची वर नुसती एक पट्टी दिसते. त्या गल्ल्यांत आम्हाला वासावरून एक दुकान सापडलं, बाहेर पाटी पण धड नाही, आत टाइल्सच्या भिंती आणि मागे लाकडाची भट्टी धगधगतेय.

तिथे फारिनाता करतात. तांब्याची कल्हई केलेली परात, पण केवढी, दोन्ही हातांनी कवेत घ्यावी लागेल एवढी, त्यात आधी भरपूर ऑलिव्ह ऑइल, मग पातळ पीठ ओततात, अगदी ताकासारखं पातळ, आणि लांब दांड्याने ती परात भट्टीत सरकवून गोल गोल फिरवत राहतात. बाहेर येते तेव्हा वरून सोनेरी, मध्ये मध्ये काळपट डाग, कडा कुरकुरीत आणि आत मलईसारखं. काउंटरवरची बाई सुरीने चराचरा कापते, वजन करते, कागदावर ठेवते, वर मिरपूड. आईंनी हाताने खूण करून विचारलं हे कशाचं, ती म्हणाली "चेची". आम्हाला कळेना. मग ती आत गेली आणि मूठभर सुके छोले घेऊन आली आणि आईंच्या तळहातावर ठेवले. आईंनी माझ्याकडे असं बघितलं की बस्स. छोल्यांचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल. अंडं नाही, चीज नाही, काही नाही. आम्ही पाच जणांनी तीन वेळा घेतलं, आई उभ्यानेच खात होत्या, तेलकट बोटं कागदाला पुसत. किती वेळ भिजवायचं वगैरे पण त्यांनी खुणांनीच विचारून घेतलं, त्या बाईने बोटांनी सांगितलं, एक पीठ, तीन पाणी, आणि भिंतीवरच्या घड्याळात चार तास फिरवून दाखवले. या एका दुकानासाठी मी जेनोवाला परत जाईन.

पेस्तोबद्दल एक खरं ते सांगते, जेनोवाचा पेस्तो म्हणजे बेसिल, पाइन नट्स, लसूण, ऑलिव्ह ऑइल आणि त्यात पार्मेजानो आणि पेकोरिनो ही दोन चीज. या चीजमध्ये वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट, म्हणजे दूध घट्ट करणारा पदार्थ, वापरतात, त्यामुळे मेनूत हिरव्या पानाची खूण दिसली तरी कडक शाकाहारी माणसाला ते चालत नाही. आईंना हे आधी सांगितलं, त्यांनी नको म्हटलं. आम्ही चौघांनी मात्र त्रोफिए, तो पिळ दिलेला बारीक पास्ता, बटाटा आणि फरसबी घातलेला, चाटूनपुसून खाल्ला.

रोमचा दिवस मला तितका सुखाने लिहिता येणार नाही. चिविताव्हेकिया ते रोम साधारण ८० किलोमीटर, आम्ही घाबरून बोटीच्याच एक्सकर्शनचं बुकिंग केलं, उशीर झाला तर बोट सोडून जाईल या भीतीने, आणि तिथे चुकलं. बस भरायलाच पाऊण तास, वाटेत ट्रॅफिक, कोलोसियम नुसतं बाहेरून पंधरा मिनिटं, आणि मग आधीच ठरवलेल्या एका हॉलमध्ये दीडशे माणसांचं जेवण, व्हेज म्हणून पांढरा पास्ता आणि वर टोमॅटोचं पाणी. आई नुसता ब्रेड खाऊन उठल्या. एवढे पैसे भरून माणूस उपाशी उठतो हे मला पटत नाही, आणि परत आल्यावर तक्रार लिहिली तर छापील उत्तर आलं. आमच्या मजल्यावरचं एक कुटुंब बंदरातून शटलने स्टेशनवर आणि तिथून लोकल ट्रेनने गेलं, तिकीट एका बाजूचं पाच युरोच्या आत, साधारण तासाभरात सेंट पीटर्स चर्चजवळ उतरले, आमच्यापेक्षा जास्त फिरले आणि बोटीवर आमच्या आधी परत. फक्त बोटीवर परतायच्या शेवटच्या वेळेच्या दोन तास आधी पोचू अशी ट्रेन धरायची, बस.

त्या दिवसातली कमाई म्हणजे पँथिऑन, रोमन काळातलं देऊळ. पाच युरो तिकीट, मुलांना लागलं नाही. जवळपास १९०० वर्षांचा काँक्रीटचा घुमट, आतून ४३ मीटर रुंद आणि तेवढाच उंच, आत सळया नाहीत काही नाहीत, आणि अगदी माथ्यावर उघडं भोक. पाऊस आला तर आत पडतो. मग पाणी जातं कुठे? मुलाने जमिनीवर वाकून शोधून काढलं, फरशी मध्यभागी किंचित फुगीर आहे आणि संगमरवरात छोटी छोटी भोकं पाडलीयत, त्यातून खाली निचरा होतो. तो एकेका भोकात बोट घालून बघत होता आणि मला तेव्हा त्या बसचा राग थोडा विसरायला झाला.

पालेर्मोला परत बोट शहराच्या कुशीतच. आम्ही सकाळीच नॉर्मन राजवाड्यातलं काप्पेल्ला पालातिना हे प्रार्थनाघर बघितलं, बाराव्या शतकातलं, राजा रॉजर दुसरा याने बांधलेलं. भिंतींवर सोन्याची बायझंटाइन मोझेक, आणि छत लाकडाचं, मधाच्या पोळ्यासारखं कोरलेलं, ते अरबी पद्धतीचं, आणि खाली ख्रिस्ती प्रार्थना चालते. एकाच खोलीत हे सगळं. मान दुखेपर्यंत बघितलं. तिथून बाल्लारो बाजार चालत जाता येतो आणि आई या वेळी सरळ शोधायलाच निघाल्या होत्या, कुठे आहे ते डाळीच्या पिठाचं, इथेही असणार. आणि होतंच! पानेल्ले. पीठ पाण्यात शिजवून घोटायचं, अगदी पिठल्यासारखं, त्यात पार्स्ली, मग थापून गार करायचं, पातळ कापायचं आणि तळायचं, म्हणजे पाटवडीच की, फक्त तळलेली. तीळ लावलेल्या मऊ पावात चार-पाच चकत्या, वर लिंबू पिळून. विकणारा बाप्या एका हाताने तळत होता, दुसऱ्या हाताने पाव चिरत होता आणि तोंडाने गाण्यासारखी आरोळी देत होता. सिसिलीत नवव्या ते अकराव्या शतकापर्यंत अरबांचं राज्य होतं आणि पानेल्ले तेव्हापासूनचे असं तिथले लोक सांगतात. आईंनी दोन पाव खाल्ले. वर बदामाचं ग्रानिता, म्हणजे बर्फाच्या चुऱ्यासारखं गार गोड, त्याच्याबरोबर मिळणाऱ्या ब्रियोश पावामध्ये अंडं असतं म्हणून तो मुलांनी वाटून घेतला. वांग्याचं कापोनाता पण सोडू नका, आंबटगोड, केपर्स (खारवलेल्या कळ्या) आणि ऑलिव्ह घातलेलं, गार खातात.

इटलीत जेवायला बसताना दोन गोष्टी माहीत असल्या की मनस्ताप होत नाही. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दीड ते तीन युरो लागतात, ते टेबलाचे, फसवणूक नाही ती, मेनूवर लिहिलेलं असतं. आणि दुपारी अडीच-तीनला स्वयंपाकघरं बंद होतात ती सात-साडेसातलाच उघडतात, मुलं भुकेली असली की हे फार महागात पडतं, साडेबारालाच बसा.

व्हॅलेटाला बोट पहाटे शिरते तेव्हा काहीही करून उठा आणि डेकवर जा. दोन्ही बाजूंनी मधाच्या रंगाच्या दगडी तटबंद्या इतक्या जवळून सरकतात की खिडक्यांतले पडदे दिसतात, आणि सूर्य वर आला की सगळी भिंत पेटल्यासारखी होते. बोटीने दिलेल्या सगळ्या गोष्टींत ही एक सगळ्यात मोलाची, आणि ती तिकिटात धरलेलीच होती. बंदरापासून जवळच ५८ मीटरची लिफ्ट थेट अप्पर बराक्का बागेत नेते, चढ चढायचा नाही, त्यामुळे आईंचे गुडघे वाचले. दुपारी बाराला तिथे खाली तोफ उडवतात. सेंट जॉन्स को-कॅथीड्रलची जमीन म्हणजे ४०० च्या आसपास रंगीत संगमरवरी थडगी, त्यावरूनच चालायचं, म्हणून टोकदार टाचांचे बूट चालत नाहीत. आत चित्रकार काराव्हाज्जोचं १६०८ सालचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं चित्र आहे, त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि ती सही चित्रातल्याच रक्तात केलीय. लेक त्या चित्रासमोरून हलेना, मी पण. पास्तित्सी खाल्ले, पापुद्रे सुटलेले, आत रिकोटा किंवा वाटाणा, पण पिठात प्राण्यांची चरबी घालतात का ते प्रत्येक दुकानात विचारून घ्या, एका ठिकाणी हो म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी मार्जरीन. माल्टात इंग्रजी जवळजवळ सगळ्यांना येतं त्यामुळे विचारायला सोपं.

शेवटचा दिवस नुसता समुद्र. मुलं पूलमध्ये, नवरा झोपलेला, आणि मी बाल्कनीत गेले तर आई डायरी घेऊन बसलेल्या. एका पानावर वर मार्से, जेनोवा, पालेर्मो अशी तीन नावं, त्यांच्याखाली रेघा ओढून तीन रकाने, आणि प्रत्येकात पीठ किती, पाणी किती, भिजवायचं का शिजवायचं, तळायचं का भाजायचं. जेनोवाच्या रकान्यात लिहिलेलं, "१ वाटी पीठ, ३ वाट्या पाणी, ४ तास, वरचा फेस काढणे." मग मला म्हणाल्या, "त्या बाईने परात किती इंचांची वापरली होती गं, तू फोटो काढलायस का?" फोटो होता, आईंनी चष्मा लावला, दोन बोटांनी मोठा केला आणि मापायला लागल्या.